गोउ, लोउ, त्साइ: फॉर्ममधली पकड नावावरून ओळखायची कशी, लावायची कशी

मागे कमरेशी येणारी मूठ रिकामी नसते. कुंग फूच्या फॉर्ममधली, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिकेतली, पकड शोधायला बसलात तर पहिल्यांदा इथे बघा. एक हात पुढे ठोसा मारतो, त्याच वेळी दुसरा हात वळत वळत मागे येतो आणि कमरेला टेकतो. तो मागे का आणायचा, असं विचारलं की उत्तर मिळतं, "ताकद लागावी म्हणून." ताकद लागते हे खरं. पण चिनी फॉर्ममध्ये पुष्कळदा त्या मागे येणाऱ्या मुठीत समोरच्याचं मनगट असतं, नाहीतर त्याची बाही. आपण त्याला ओढून ठोशावर आणतोय. हे कळलं की पाठ झालेला अख्खा फॉर्म पुन्हा पहिल्यापासून करून बघावासा वाटतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. लहानपणी चार वर्षं तालमीत माती अंगाला लावली, मग शिक्षण, नोकरी. कंपनीच्या कामासाठी चीनमध्ये शानडोंग प्रांतातल्या येनताई शहरात सहा वर्षं राहिलो. तिथे समुद्राकाठच्या बागेत एक वयस्कर शिफू, म्हणजे गुरू, पहाटे सेव्हन स्टार मँटिस शिकवायचे. मँटिस म्हणजे पुढचे दोन पाय जोडून, नमस्कार केल्यासारखा बसणारा तो हिरवा किडा. हा किडा झडप घालून भक्ष्य धरतो, म्हणून या शैलीत पकडींची रेलचेल आहे, आणि येनताईचा परिसर हे तिचं माहेर. पुढे लिहिलंय ते बरचसं तिथे शिकलेलं, थोडं गेल्या काही वर्षांत सकाळी गच्चीवर मुलांना शिकवताना समजलेलं.

पकडीला मान कधीपासून

चिनी मंडळी लढण्याच्या कलेचे चार भाग करतात: थी, दा, श्वाय, ना. थी म्हणजे लाथ, दा म्हणजे मार, श्वाय म्हणजे पाडणं आणि ना म्हणजे धरणं. सोळाव्या शतकात मिंग राजवटीचा सेनापती छी जीग्वांग याने सैन्याच्या शिक्षणासाठी ग्रंथ लिहिला. त्यात त्याने आपल्या काळातल्या नावाजलेल्या लढवय्यांची कौशल्यं मोजली आहेत. कुणाची लाथ, कुणाचं पाडणं, कुणाचा मार, आणि 'गरुडनखी वांग'ची पकड. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीही पकड ही स्वतंत्र विद्या होती आणि माणूस तिच्यावरून ओळखला जायचा.

आज ती मागे पडली, त्याला कारण आहे. 'सांडा' या चिनी लढतीच्या खेळाच्या स्पर्धेत ठोसा, लाथ आणि पाडणं चालतं, सांधे मुरगळणं चालत नाही. फॉर्मच्या स्पर्धेत समोर माणूसच नसतो, तिथे उडी किती उंच आणि हात किती सुबक हेच बघतात. त्यामुळे चौथा भाग फॉर्मच्या आत झाकून राहिला. तिथून तो बाहेर काढायला नावाइतकं चांगलं हत्यार दुसरं नाही.

आधी नाव विचारा, आणि ते लिहून मागा

शिक्षकांना प्रत्येक हालचालीचं चिनी नाव विचारा. उच्चारावर थांबू नका. ते अक्षर लिहून द्यायला सांगा, मोबाइलवर मिळालं तरी चालेल. हे मी इतकं बजावून सांगतोय, कारण यात माझे तीन महिने फुकट गेले.

मँटिसमध्ये गोउ, लोउ, त्साइ अशी तीन हातांची, म्हणजे हाताच्या तीन हालचालींची, एक साखळी आहे. या शैलीचे बारा मूळ शब्द मानतात, त्यातले हे पहिले तीन. शिफू एकेक हात करताना एकेक शब्द म्हणायचे. मला तेव्हा कामापुरतं चिनी बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. 'त्साइ' हा शब्द मला माहीत होता: तुडवणं, पाय देणं. बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला की हाच शब्द ऐकू यायचा. म्हणून तिसऱ्या हाताबरोबर मी समोरच्याच्या पावलावर पाय दाबायचो. वहीतही तसंच लिहून ठेवलं होतं. शिफूंना वाटायचं की मी माझ्या मनाने काहीतरी जोडतोय. ते पाय बाजूला करायला लावायचे, आणि दुसऱ्या दिवशी माझा पाय पुन्हा पडायचा.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी मला छीशियाला नेलं. येनताईच्या हद्दीतलाच हा सफरचंदांचा मुलूख. डोंगरउतारावर त्यांच्या भावाची फुजी सफरचंदांची बाग होती. झाडांखाली चंदेरी कागद अंथरला होता, म्हणजे ऊन खालून परतून फळाच्या बुडालाही रंग चढतो. वाटेवर जागोजागी पाट्या लागलेल्या: या, स्वतः फळं तोडा. पाटीवरचं पहिलं अक्षर दाखवून मी शिफूंना विचारलं, हे काय? ते म्हणाले, "त्साइ." मग काठीने मातीत त्यांनी दोन अक्षरं काढली. उच्चार एकच, सूरही एकच. एकाच्या डाव्या अंगाला पाय, दुसऱ्याच्या डाव्या अंगाला हात. पायवालं तुडवायचं. हातवालं खुडायचं. पाटीवर तर डावीकडचा हातही नव्हता, कारण आता तो गाळून लिहितात. राहिलेल्या अक्षरात वर पंजा आणि खाली झाड.

मग त्यांनी मला फळ तोडायला सांगितलं. मी सरळ ओढलं. फांदी वाकून माझ्याकडे आली, सोडल्यावर झटक्यात मागे गेली आणि शेजारची दोन फळं खाली पडली. त्यांनी माझा हात बाजूला केला. चार बोटांनी फळ खालून धरलं, तर्जनी देठाच्या मुळाशी टेकवली, मनगट वळवून फळ किंचित उचललं, आणि टक् असा आवाज आला. फांदी हललीसुद्धा नाही. म्हणाले, "तू माणसालाही असाच ओढतोस. म्हणून तो दुसऱ्या हातासकट तुझ्यावर येतो."

आपल्याकडे हरभऱ्याचे शेंडे खुडतात ना, तेच हे. अख्खं झाड उपटायचं नाही. अंगठा आणि बोट, मनगटाचा एक झटका, आणि हात लगेच पुढच्या शेंड्याकडे. गच्चीवरच्या मुलांना मी त्साइचा अर्थ 'ओढ' असा कधी सांगत नाही. 'खूड' म्हणतो. शब्द बदलला की हात बदलतो, हे डोळ्यांनी दिसतं.

तीन शब्द, तीन वेगळी कामं

गोउ म्हणजे आकडा, आकडी. आंबे उतरवायच्या बांबूला असते तशी. लोउ म्हणजे पसरलेलं काही स्वतःकडे गोळा करणं. शानडोंगमध्ये दाताळ्याने काटक्या आणि वाळकं गवत ओढतात, त्यालाही हाच शब्द. त्साइ आपण पाहिलंच. तिन्ही शेतातले शब्द आहेत, आणि शेतात वाढलेल्या माणसाला त्यांचा अर्थ वेगळा समजवावा लागत नसणार. शहरातला नवशिका मात्र तिन्हींची एकच 'पकड' करून टाकतो. पहिल्याच हाताला तो मनगट घट्ट आवळतो आणि तिथेच अडकतो.

आता करून बघा. समोर जोडीदार उभा करा. तो उजव्या हाताने तुमच्या चेहऱ्याकडे सरळ ठोसा टाकतोय, अगदी सावकाश.

गोउ. डावा पाय थोडा डावीकडे आणि पुढे टाका, म्हणजे तुम्ही त्याच्या हाताच्या बाहेरच्या अंगाला याल. तुमचा उजवा हात मनगटात वाकलेला, त्याच्या मनगटावर बाहेरून जाऊन बसतो. इथे अंगठा वापरायचा नाही. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. वेगाने येणारा हात मुठीत धरायला गेलात तर दहातल्या नऊ वेळा चुकाल, आणि दहाव्या वेळी बोट दुखावून घ्याल. आकडी मात्र नुसती आड आली तरी अडकते. शिवाय अंगठा लावलेला नसल्यामुळे मनात येईल तेव्हा हात सोडवता येतो.

लोउ. डावा हात मागोमाग निघतो आणि त्याच्या कोपराच्या जरा वर बसतो. दाताळं ओढावं तसा तळवा स्वतःकडे आणि खाली येतो. सगळ्यात दुर्लक्षित हात हाच, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचाही हाच. नुसतं मनगट धरलंत तर त्याचं कोपर मोकळं राहतं. कोपर मोकळं म्हणजे तो हात दुमडून आत घुसणार. कोपर हातात आलं की त्याचा खांदा वळत नाही, आणि खांदा वळला नाही तर त्याची डावी मूठ तुमच्यापर्यंत पोचत नाही.

त्साइ. आता उजव्या हाताची आकडी बंद होते. अंगठा आत्ता येतो, पहिल्यांदाच. धरायची जागा मनगटाचं वर आलेलं हाड आणि तळहात यांच्यामधली, जिथे हात सर्वांत बारीक असतो. तिथे धरलं की घामाने निसटत निसटत पकड तळहाताच्या रुंद भागापाशी जाऊन थांबते. दंडाच्या मधोमध धराल तर थांबायला काहीच नाही. जोर करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा, तर्जनी सैल. मग गुडघे थोडे वाकवा, कंबर उजवीकडे वळवा आणि खुडा. हात उजव्या कमरेशी येतो. त्याच क्षणी डावा हात कोपरावरून सुटून त्याच्या बरगडीवर, नाहीतर मानेच्या बाजूला जातो.

फॉर्ममध्ये बाहेरून दिसतं ते एवढंच: उजवी मूठ कमरेशी, डावा हात पुढे. जिथून सुरुवात केली तीच आकृती.

काही घराण्यांत तिसरा हात खुडत नाही, थेट ठोसा होऊन जातो. ते चूक नाही. तुमच्या शिक्षकांच्या परंपरेत काय आहे ते विचारा आणि तेच पक्कं करा.

कुठे ओढायचं

समोरच्याच्या दोन पावलांना जोडणारी एक रेघ मनात आखा. त्या रेघेच्या दिशेने ओढलंत तर तो पायावर भार देऊन उभा राहतो, कितीही जोर लावा. तीच ताकद रेघेला काटकोनात लावा. तिकडे त्याला पाय नाही. तिसरा पाय असता तर जिथे टेकला असता, त्या रिकाम्या जागेवर त्याचा हात खुडायचा. तो पडेलच असं नाही. पण पाऊल टाकावं लागतं, मान झुकते, आणि तेवढ्यात तुमचा हात पोचतो.

इथे मला तालमीतली सवय मोडावी लागली. खडाखडीत मनगट हाताला लागलं की ते सोडायचं नाही, त्याच्यावर पुढचा डाव बांधायचा, हे वस्तादांनी अंगात भिनवलं होतं. मातीत ते बरोबरच आहे, कारण तिथे कुणी ठोसा मारत नाही. मँटिसमध्ये धरून ठेवलेला हात म्हणजे तुमचाही एक हात अडकलेला. मनात 'एक' म्हणून होण्याच्या आत पकडीचं काम झालं पाहिजे. झालं नाही तर सोडा, पुन्हा गोउपासून सुरू करा. कुस्तीतून आलेल्या मुलांना हे सगळ्यात जड जातं. त्यांच्याकडून मी पहिले काही दिवस फक्त सोडण्याचा सराव करून घेतो: अडकव, सोड, अडकव, सोड.

उच्चार वेगळा, डाव तोच

एक गोंधळ वारंवार दिसतो, तो इथेच मिटवतो. १९१९ साली शानडोंगचे लुओ ग्वांगयू यांना शांघायच्या जिंगवू संस्थेत मँटिस शिकवायला पाठवलं गेलं. पुढे ते हाँगकाँगलाही शिकवत होते आणि तिथून ही शैली आग्नेय आशियात पसरली. हाँगकाँगची बोली कँटोनीज. तिच्यात हीच तीन अक्षरं साधारण ङाउ, लाउ, चोइ अशी म्हणतात. छिन-ना, म्हणजे पकडीची एकूण विद्या, तिथे काम-ना होते. तुमचे शिक्षक मलेशिया-हाँगकाँगच्या परंपरेतले असतील तर तुम्ही ङाउ लाउ चोइ शिकला असाल आणि इंटरनेटवर गोउ लोउ त्साइ बघून तो वेगळा डाव समजाल. अक्षर बघा, म्हणजे शंका उरणार नाही.

आणि बघायचं ते अक्षराचं डावं अंग, निदान पहिल्यांदा. चिनी लिपीत हाताने करायच्या बहुतेक क्रियांच्या डाव्या अंगाला तीन फटकाऱ्यांचा हात असतो. तो ओळखायला पाच मिनिटं पुरतात. छिन या अक्षरात हाताशेजारी पक्षी आहे. ना मध्ये वर 'जुळणं' आणि खाली हात: जुळलेला हात म्हणजे धरणं. पंजा मारून धरण्याचं जे अक्षर आहे, त्यात हाताशेजारी नख्या आहेत. गुंडाळण्याच्या अक्षरात मात्र डावीकडे हात नाही, रेशमाचा धागा आहे. तिथे जोराने धरायचं नाही, वेढा घालायचा, हे नावच सांगतं.

वेढा घालणारी पकड: जिन-स छान-वान

नावाचा अर्थ 'सोन्याच्या तारेचा मनगटाला वेढा'. उत्तर चीनच्या अनेक शैलींत ही आहे, काही ठिकाणी हिला 'लहान वेढा' म्हणतात. फॉर्ममध्ये हिची खूण अशी: एका हाताचा तळवा दुसऱ्या मनगटावर येऊन बसतो, दोन्ही हात छातीसमोर एक लहानसं वर्तुळ काढतात आणि एकत्र खाली दबतात. कुणाला मार लागत नाही, ठोसा दिसत नाही, म्हणून शिकणारे याला 'मधला नमस्कार' समजून भरकन उरकतात.

प्रत्यक्षात असं आहे. समोरच्याने उजव्या हाताने तुमचं उजवं मनगट धरलंय. हात ओढून सोडवायला जाऊ नका. उलट डावा तळवा त्याच्या हातावर ठेवा आणि त्याची बोटं तुमच्या मनगटावर दाबून खिळवा. त्याने तुम्हाला धरलं होतं, आता तो सोडू शकत नाही. ही पकडीची पहिली पायरी आणि डावाचा सगळा जीव हिच्यात आहे. दोन हातांच्या मध्ये कागद सरकेल एवढी जरी फट राहिली तरी तो निसटतो.

मग उजव्या हाताची बोटं वर उचला, बाहेरून फिरवा आणि तळहाताची करंगळीकडची धार त्याच्या मनगटावर आणून बसवा. त्याचं कोपर वाकलेलं हवं, साधारण काटकोनात. ते सरळ असेल तर एक पाऊल पुढे जा, आपोआप वाकेल. आता ती धार सुरीसारखी खाली कापत न्या, त्याच्या नाकापासून बेंबीकडे जाणाऱ्या रेषेवर. नवखे लोक स्वतःच्या पायाकडे दाबतात आणि मग 'लागत नाही' म्हणतात. दिशा त्याच्या मध्यावर हवी. बरोबर लागलं तर जोर जवळजवळ लागत नाही, आणि तो गुडघ्यावर येतो.

म्हणूनच इथे थांबून एक सांगतो. शिकत असताना ही पकड मी एकदा जोडीदाराला झटक्यात लावली. त्याने 'झालं' म्हणायच्या आत मनगट आतून दुखावलं होतं. तीन आठवडे त्याला चॉपस्टिक धरता येत नव्हती, आणि रोज सकाळी बागेत तो हात बांधून बाजूला बसलेला मला दिसायचा. स्नायूचं दुखणं हळूहळू चढतं, सांध्याचं एकदम येतं. जोडीदाराने मोकळ्या हाताने दोनदा थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं, अर्ध्या क्षणाचाही विचार नाही. वर्तुळ काढताना वेग ठेवा, पण शेवटचं कापणं कायम सावकाश. सोळा वर्षांखालच्या मुलांना मी हिचा फक्त वेढा शिकवतो, दाब नाही.

चित्र सांगणारी नावं

सगळीच नावं गोउ-लोउसारखी सरळ काम सांगत नाहीत. काही चित्र काढतात: मँटिस सिकाडा नावाच्या किड्याला धरतो, पांढरा वानर पीच चोरतो. आपल्या कुस्तीतही दोन्ही जाती आहेत. धोबीपछाड हे चित्र आहे, आणि चित्रातच दिशा आहे: कपडा खांद्यावरून येतो आणि पुढे दगडावर आपटतो. चिनी चित्रंही तशीच वाचायची. प्राणी कोण, तो कुठल्या अवयवाने धरतो, भक्ष्य वर आहे की खाली, आणि धरल्यावर तो काय करतो. मँटिस झडप घालतो आणि धरलेलं तोंडाकडे ओढतो, म्हणजे धरल्यावर जवळ घेणं आलं. वानर चोरी करतो, म्हणजे एक हात वर दाखवायचा आणि दुसरा खालून न्यायचा. पीच म्हणजे नेमकं काय, हे आजूबाजूच्या हालचालींवरून ठरतं. हात खालच्या दिशेला गेला असेल तर उत्तर उघड आहे.

कधी कधी नावातच पूर्ण वाक्य असतं. हनान प्रांतात चेनजियागोउ या गावच्या, म्हणजे चेन घराण्याच्या, ताइचीत 'श्याव छिन दा' अशी एक मुद्रा आहे: लहान, धरणं, मारणं. धरायचं आहे, लहान अंतरात धरायचं आहे आणि धरल्यावर मारायचं आहे. एवढं नाव माहीत असून ती मुद्रा नुसते हात हवेत तरंगवत केलेली बघितली की मला मनापासून वाईट वाटतं.

नावावर आंधळा विश्वासही ठेवू नका. यांग घराण्याच्या ताइचीतली 'चिमणीची शेपटी धरणं' ही प्रसिद्ध मुद्रा घ्या. चिनीत लान छ्वे वेइ. चेन घराण्यात तिच्या जागी लान झा यी आहे, म्हणजे 'आळसावून अंगरखा खोचणं', आणि छी जीग्वांगच्या ग्रंथातल्या बत्तीस मुद्रांत पहिली मुद्रा हीच. दोन्हींचा उच्चार जवळचा. कानावर पडलेलं नाव पुढच्याने वेगळ्या अक्षरांत लिहिलं आणि अंगरख्याची चिमणी झाली, असं अनेक अभ्यासक मानतात. तोंडी आलेल्या विद्येत असं होतंच. म्हणून नावावरून अर्थ लावायचा आणि जोडीदारावर तपासायचा. अंगाला लागत नसेल तर नावाचा आपला अर्थ चुकला असं धरून पुन्हा विचारायचं.

बोटांचं बळ

चिनी तालमींत जुना व्यायाम आहे: मातीचा रांजण तोंडाच्या कडेने पाच बोटांत धरून चालायचं आणि त्यात हळूहळू वाळू वाढवत न्यायची. आपल्याकडे लोणच्याची चिनी मातीची बरणी यासाठी उत्तम. तोंड रुंद, कड जाड. घरच्यांना विचारून जुनी घ्या. रिकामी बरणी दोन हातांत दोन, तळवा जमिनीकडे, बरणीच्या तोंडावर, आणि बोटं खाली कडेला. दहा पावलं चालायचं आणि ठेवायची. दर आठवड्याला एक मूठ वाळू. खाली मॅट किंवा माती असू द्या आणि बरणी गुडघ्यापेक्षा वर नेऊ नका. बोटांच्या सांध्यांत दुखायला लागलं तर दोन दिवस सुट्टी.

दुसरा व्यायाम, मूग भरलेली छोटी पिशवी. वर उडवायची आणि पडताना वरून झडपून धरायची. मुठीत आली की लगेच सोडून दुसऱ्या हाताने धरायची. यात जोरापेक्षा वेळ सुधारते, आणि गोउ ते त्साइ या प्रवासात अंगठा नेमका कधी आणायचा हे हाताला आपोआप कळतं.

बाकी रोजचा क्रम साधा आहे. जोडीदाराबरोबर गोउ लोउ त्साइ उजवीकडून वीस वेळा, डावीकडून वीस वेळा. पहिल्या दहात तिन्ही शब्द मोठ्याने म्हणत, एका श्वासात एक शब्द. पुढच्या दहात एका श्वासात तिन्ही. मग जोडीदाराला बाजूला उभं करा, एकट्याने फॉर्म करा आणि त्याला फक्त तुमच्या मागे येणाऱ्या मुठीकडे बघायला सांगा. ती रिकामी दिसली की त्याने हाक मारायची, आणि तुम्ही तिथेच थांबून ती हालचाल त्याच्या मनगटावर करून बघायची.